झाडं लावायच्या आधी जमिनीचं काय अडलंय ते बघा

उजाड जमिनीचा तुकडा हातात आला की डोक्यात पहिला विचार एकच येतो, किती खड्डे खणायचे आणि किती रोपं आणायची. माझंही तेच झालं होतं. पावसाच्या तोंडावर आम्ही चारशे खड्डे खणले, आणि खणताना कुदळीला सारखी अंगठ्याएवढी जाड मुळं लागत होती, आतून ओली, तोडली की चीक येणारी, ती आड येतात म्हणून तोडून तोडून बाजूला फेकली. ती त्या जमिनीतल्या जुन्या झाडांची जिवंत मुळं होती. वर दरवर्षी फुटवा यायचा आणि दरवर्षी गुरं तो खाऊन टाकायची, म्हणून वीतभरापेक्षा जास्त काही दिसत नव्हतं एवढंच. तीन वर्षांनी लावलेल्या रोपांपैकी बोटावर मोजण्याइतकी उरली, आणि खडकाळ म्हणून जो कोपरा खणायचा राहून गेला होता तिथं कुंपण झाल्यावर आपोआप आलेली झाडं माझ्या डोक्याच्या वर गेली होती.

तेव्हापासून कोणी विचारलं की मी एकच सांगतो. जमीन बहुतेक वेळा स्वतःहून सावरायला बघत असते. तिला काय अडवतंय ते शोधा, ते बाजूला करा, आणि जिथं तिचा हात खरंच पोचत नाही तेवढ्यापुरतीच मदत करा. खाली त्याच क्रमाने लिहितोय. जंगल असो, पाणथळ असो की खाडी, थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच लागू पडतं.

आधी एक वर्ष नुसतं बघा

हे ऐकायला सोपं वाटतं पण सगळ्यात अवघड हेच आहे, कारण हातात पैसे असतात, उत्साह असतो, लोक विचारत असतात की काम कधी सुरू करताय. तरी थांबा. प्रत्येक ऋतूत त्या जमिनीवरून चाला, शक्यतो त्याच वाटेने, आणि एक वही ठेवा. भर पावसात जा, पाणी कुठून पळतं, कुठं साचतं, कुठं गढूळ होतं ते तेव्हाच कळतं. उन्हाळ्यात जा, सगळं वाळलेलं असताना कुठल्या जागी अजून हिरवं टिकून आहे ते बघा, तिथं खाली ओल आहे. जुन्या तोडलेल्या झाडांचे बुंधे शोधा आणि बुडाशी फुटवे आहेत का ते वाकून बघा. बी देऊ शकेल असं मोठं झाड किती अंतरावर आहे ते पावलांनी मोजा. पक्ष्यांची विष्ठा कुठल्या दगडावर, कुठल्या खांबाखाली पडते ते बघा, त्यात बिया असतात. गूगल अर्थवर जुनी चित्रं मागे मागे सरकवून बघता येतात, आणि आसपास म्हातारी माणसं असतील तर त्यांना विचारा की इथं पूर्वी काय होतं, त्यांची आठवण चित्रांपेक्षा मागे जाते.

मग मोजणी करा, ही फार महत्त्वाची. पाच मीटरची दोरी घ्या, एक टोक खुंटीला बांधा, दुसरं धरून गोल फिरा. त्या गोलात साधारण 78 चौरस मीटर जागा येते. गुडघ्यावर बसून गवत बाजूला सारत आत किती झाडांची रोपं आहेत, किती जिवंत बुंधे आहेत, किती वेगवेगळ्या जातींचे आहेत ते मोजा. नुसतं उभं राहून बघितलं तर पाच दिसतात, बसून बघितलं तर वीस निघतात. असे किमान दहा गोल, जमिनीच्या वेगवेगळ्या भागात. उत्तर थायलंडमध्ये चियांग माई विद्यापीठाची फोरू नावाची संस्था 1994 पासून हेच काम करतेय, त्यांचा ठोकताळा असा की अशा गोलात सरासरी 25 च्या वर रोपं किंवा फुटवे निघाले, म्हणजे हेक्टरी साधारण 3100, आणि जातीही भरपूर असल्या तर नवीन काही लावायची गरज नाही, आहे तेच राखायचं. त्याहून कमी निघाली तर जेवढी कमी तेवढीच लावायची. आकडा तुमच्या भागात थोडा मागेपुढे होईल, पण मोजल्याशिवाय रोपांची ऑर्डर देऊ नका एवढं नक्की.

मोकळी जमीन म्हणजे पडीक जमीन नव्हे

हे वेगळं लिहितोय कारण यात चूक झाली की नुकसान भरून येत नाही. गवताळ माळ हा स्वतःच एक पूर्ण संसार असतो. जुन्या माळावर वरून दिसतं त्याच्या कितीतरी पट जमिनीखाली असतं, खोल मुळं, कंद, आणि मातीत साठलेला कार्बन, आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी, ज्यांना आसपास उंच झाडं नकोच असतात कारण त्यावर बसून शिकारी पक्षी टेहळणी करतात. अशा माळावर झाडं लावणं म्हणजे ते रान मोडणंच आहे. ब्राझीलच्या सेराडोसारख्या मोठ्या सव्हानांबद्दल, म्हणजे विरळ झाडांच्या गवताळ प्रदेशांबद्दल, शास्त्रज्ञ हे वर्षानुवर्षं ओरडून सांगतायत.

मग ओळखायचं कसं? गवताचे ठोंब बहुवर्षायू आहेत का बघा, उपटायला गेलं तर हलत नाहीत. पहिल्या पावसानंतर कंद, छोट्या फुलांच्या वनस्पती वर येतात का बघा. उभी असलेली मोजकी झाडं जाड सालीची, आगीत टिकणारी, एकमेकांपासून लांब लांब आहेत का बघा. हे सगळं असेल तर ते माळरान आहे, तिथं तुमचं काम झाडं लावायचं नाही. चराई फिरती ठेवायची, बाहेरून घुसलेली झुडपं काढायची, नांगर फिरू द्यायचा नाही. आणि जिथं बुंधे सापडतायत, शेजारी जंगलाचे तुकडे आहेत, मोजणीच्या गोलात जंगलातल्या झाडांची रोपं निघतायत, ती जमीन जंगलाकडे जायला बघतेय.

अडथळा काढणं, म्हणजे खरं काम

बहुतेक ठिकाणी अडथळे चार-पाचच असतात: सततची चराई, दरवर्षीचा वणवा, तोड, वळवलेलं किंवा काढून टाकलेलं पाणी, आणि बाहेरून आलेलं तण. एकाच वेळी दोन-तीन असतात आणि एक काढून भागत नाही, हे लक्षात ठेवा. गुरं बंद केली की गवत वाढतं, गवत वाढलं की वाळल्यावर आग जोरात लागते. म्हणून चराईबंदी करताय त्याच वर्षी जाळरेषा काढा, म्हणजे आग अडावी म्हणून गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, वस्तीकडच्या आणि रस्त्याकडच्या बाजूला आधी, आणि आग लागली तर कोण पळत येणार, पाणी कुठून आणणार हे आधी ठरवून ठेवा. तीन वर्षं राखलेलं रान एका दुपारी जातं.

चराई कायमची बंद करायची असते असंही नाही. रोपांचे शेंडे गुरांच्या तोंडाच्या वर गेले की थोडी थोडी गुरं परत सोडता येतात, उलट त्यांनी गवत खाल्लं तर आगीचं खाद्य कमी होतं आणि त्यांच्या शेणातून बियाही येतात.

कंबरेएवढं दाट गवत असेल आणि त्यात रोपं गुदमरत असतील तर एक साधी युक्ती आहे, ती जरा सविस्तर सांगतो कारण ती फार कमी लोकांना माहीत असते. आधी सगळी रोपं शोधून प्रत्येकाशेजारी एक उंच काठी रोवा, टोकाला रंग किंवा फडकं, नाहीतर तुमच्याच पायाखाली जातील. रोपाभोवती हातभर जागेतलं गवत मुळापासून खुरपून काढा, काढलेलं तिथंच आच्छादन म्हणून पसरा, फक्त खोडाला चिकटवू नका. मग उरलेल्या गवतासाठी मीटर-सव्वामीटर लांबीची एक फळी घ्या, दोन्ही टोकांना दोरी बांधून ती खांद्यावर अडकवा, फळी उचलायची, गवतावर टाकायची, तिच्यावर पूर्ण वजन देऊन उभं राहायचं, परत उचलायची, पुढे. गवत मुडपून आडवं पडतं. कापलं तर ते बुडातून आठ-पंधरा दिवसांत दुप्पट जोमाने फुटतं, पण मुडपलेलं गवत मेलेलं नसतं म्हणून नवीन फुटवा घाईने काढत नाही, आणि स्वतःच्याच सावलीत हळूहळू दमतं. पुरेसं उंच आणि हिरवं असतानाच हे करायचं, आखूड गवत दाबलं तर दुसऱ्या दिवशी उभं. एक माणूस दिवसभरात बरीच जागा दाबून काढतो आणि विळ्यापेक्षा श्रमही कमी लागतात. पावसाळ्यात दोन-तीनदा करा, दोन-तीन वर्षं. एकदा झाडांची सावली जुळली की गवत आपणहून मागे हटतं.

बुंध्यांना फुटवे असतील तर तुमचं नशीब चांगलं, कारण खाली तयार मुळं आहेत आणि रोपाला जी तीन-चार वर्षं मुळं धरायला लागतात ती वाचली. एका बुंध्याला पंधरा-वीस फुटवे असतात आणि सगळेच राहिले तर झुडूपच राहतं. त्यातले सरळ आणि जोमदार तीन ते पाच ठेवा, बाकीचे धारदार विळ्याने बुडाशी कापा, ठेवलेल्यांच्या खालच्या निम्म्या उंचीपर्यंतच्या फांद्या छाटा. दरवर्षी थोडं थोडं करत राहा, कापलेलं सरपणाला जातं. एवढंच. टोनी रिनॉडो नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने नायजर देशात 1983 च्या सुमारास शेतकऱ्यांबरोबर हे सुरू केलं, आधी तोही रोपंच लावत होता आणि ती मरत होती, मग लक्षात आलं की शेतात जी झुडपं म्हणून दिसतायत ती तोडलेल्या झाडांचे फुटवे आहेत. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत नायजरमध्ये साधारण 50 लाख हेक्टरवर झाडं परत आली, जवळजवळ सगळी न लावता. त्याला 2018 चा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. यात माणसांचा भाग मोठा होता, त्याबद्दल खाली लिहितो.

बाहेरून आलेल्या झुडपांचं जरा जपून. घाणेरी वरून तोडली की दुप्पट फुटते, त्यामुळे खोड आणि मूळ जुळतं त्या गाठीच्या खालून मूळ तोडायचं, मग झुडूप उचलून मुळं वर करून उलटं ठेवायचं म्हणजे ते परत रुजत नाही. आणि सगळं एका झपाट्यात काढू नका. त्या जाळीत पक्षी घरटी करतात, खाली माती झाकलेली असते, एकदम उघडी पाडली की पहिल्या पावसात वाहून जाते आणि मोकळ्या जागेत तेच तण आधी उगवतं. पट्ट्यापट्ट्याने काढा, जिथं देशी झाडं थोडीफार उभी आहेत त्यांच्याभोवती आधी, आणि काढलेल्या जागी पुढची दोन-तीन वर्षं परत येऊन उगवलेली रोपं उपटा. ही परत येण्याची तयारी नसेल तर त्या वर्षी काढूच नका. काटेरी देशी झुडपांना तर मुळीच हात लावू नका. त्यांच्या आत वाकून बघा एकदा, बाहेर माती टणक आणि आत भुसभुशीत, पाला साचलेला, आणि मधोमध एखादं झाडाचं रोप काट्यांच्या आड सुखरूप उभं असतं, गुरांचं तोंड तिथं पोचत नाही. फुकटचं कुंपण आहे ते.

पाणी आधी, झाडं नंतर

दलदल, कुरण, नदीकाठ किंवा खाडी असेल तर झाडांचा विचार बाजूलाच ठेवा. तिथं पाणी परत आलं की बाकीचं येतं, आणि पाणी नसेल तर कितीही लावा, राहत नाही.

खारफुटीचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. जगभरात चिखलात ओळीने रोपं टोचायचे कार्यक्रम होतात, फोटो होतात, आणि वर्ष-दोन वर्षांत बहुतेक ठिकाणी सगळं साफ, कारण ज्या खालच्या चिखलात ती लावली तो बहुतेक वेळ पाण्याखाली असतो आणि खारफुटीला तेवढं बुडालेलं सोसत नाही, तिला साधारण तीस टक्के वेळच पाणी लागतं. तिथं आधी खारफुटी नव्हती याला कारण होतं. आणि जिथं होती ती गेली असेल तर बहुधा बांध घातलाय किंवा भराव टाकलाय म्हणून भरतीचं पाणी आत येत नाहीये. बांधाला योग्य जागी खिंड पाडा, बुजलेल्या नाळा मोकळ्या करा, आणि जमिनीची पातळी शेजारच्या जिवंत खारफुटीशी जुळते का ते मोजा. रोपं भरतीबरोबर स्वतः तरंगत येतात. अमेरिकेतल्या फ्लोरिडात रॉबिन लुईस या शास्त्रज्ञाने आयुष्यभर हीच पद्धत वापरून दाखवली.

नदीचंही तसंच. फ्लोरिडातलीच किसिमी नदी, 1960 च्या दशकात पूर येतो म्हणून तिची वळणं कापून सरळ कालवा केला, काठची पाणथळ रानं सुकली, पाणपक्षी गेले. मग 1999 पासून 2021 पर्यंत त्या कालव्याचे काही भाग परत बुजवले आणि जुन्या वळणांत पाणी सोडलं, आणि पक्षी परत आले. बुजवायला केवढा खर्च आणि किती वर्षं गेली ते बघा, म्हणून ज्या ओढ्याची वळणं अजून शाबूत आहेत तो सरळ करायला कोणी आलं तर तिथंच विरोध करा. लहान प्रमाणात तुम्हाला करता येईल ते एवढंच: ओढ्यात पडलेली झाडं, ओंडके उचलून नेऊ नका, पाणी त्यांच्यामुळे रेंगाळतं. पाणी काढून टाकायला पूर्वी कोणी चर खणले असतील तर ते अधेमधे बुजवा. काठाने दहा-वीस मीटर पट्टा न नांगरता सोडा.

पीटची जमीन म्हणजे न कुजलेल्या वनस्पतींचा जाड थर असलेली दलदल. ती जगाच्या जमिनीच्या जेमतेम 3 टक्के आहे पण जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यात मिळून असतो त्यापेक्षा जास्त कार्बन त्या थरात आहे. चर खणून ती सुकवली की तो कार्बन हवेत जातो, कधी कधी महिनोन्महिने धुमसत जळतो. तुमच्याकडे अशी जमीन असेल तर चर बुजवून तिला परत ओली करणं हे हवामानासाठी तुम्ही करू शकाल त्यातलं सगळ्यात मोठं काम आहे, तिथं एकही झाड लावायची गरज नाही.

बी येतच नसेल तेव्हा

अडथळे काढले, दोन-तीन पावसाळे गेले, तरी गोलातली मोजणी वाढत नाही असं होऊ शकतं. तेव्हा विचारायचं की बी येतंय का. मोठ्या जंगलापासून लांब असलेल्या तुकड्यात वाऱ्याने येणाऱ्या हलक्या बिया पोचतात, मोठ्या फळांच्या जड बिया पोचत नाहीत, त्यांना मोठी चोच किंवा मोठं तोंड असलेलं कोणीतरी लागतं.

इथं लावायचं, पण बेटं करून. पूर्ण जमिनीवर ओळी नकोत, इकडे तिकडे लहान लहान पुंजके करा, दहा-वीस झाडांचे, त्यात लवकर वाढणारी आणि फळं देणारी झाडं, उंबराच्या कुळातली असतील तर सोन्याहून पिवळं कारण इतर झाडांना फळं नसतात तेव्हाही त्यांना असतात. पक्षी आणि वटवाघळं तिथं येऊन बसतात आणि बाकीच्या जाती आणून टाकतात, पुंजका कडेने वाढत जातो. कोस्टारिकात कॅरेन हॉल आणि सहकाऱ्यांनी 2004 पासून हे शेजारी शेजारी करून बघितलंय, काही तुकड्यांत पूर्ण लागवड, काही तुकड्यांत साधारण पावपट रोपं बेटांमध्ये, काही नुसते सोडलेले. पंधरा वर्षांनी बेटांचे तुकडे बहुतेक बाबतीत पूर्ण लागवडीच्या बरोबरीला आले होते. म्हणजे पाऊण रोपांचा खर्च वाचला आणि जंगल ओळीत उभं असल्यासारखं दिसलं नाही. लगेच काही करायचं असेल तर उंच वाळक्या फांद्या किंवा आडव्या काठ्या लावलेले खांब उभे करा पक्ष्यांना बसायला, खाली गवत मात्र काढून ठेवा, नाहीतर पडलेलं बी गवतातच मरतं.

खाणीचा ढिगारा, वरची माती पूर्ण गेलेली जागा, रसायन मुरलेली जमीन, इथं नुसतं सोडून द्यायचा आग्रह धरू नका. तिथं माती आणावी लागते, तपासणी करावी लागते, जाणकाराला बोलवा.

जनावरं परत आणण्याबद्दल

रान हे झाडांचं गोदाम नाही, त्यात खाणारे, तुडवणारे, खणणारे, शिकार करणारे लागतात. इंग्लंडमधलं नेप हे साधारण 3500 एकरांचं शेत, तोट्यात होतं, तिथं 2000 च्या सुमारास शेती थांबवून जुन्या जातींची गुरं, घोडे, डुकरं आणि हरणं मोजक्या संख्येत मोकळी सोडली. डुकरं जमीन उकरतात त्यात तणांच्या बिया रुजतात, गुरं काही ठिकाणी खातात काही ठिकाणी सोडतात, झुडपं आणि गवत यांची मिसळ होत राहते, आणि त्या मिसळीत नाइटिंगेल, टर्टल डव्ह असे देशभरातून कमी होत गेलेले पक्षी परत आले. उलट नेदरलँड्समधल्या ओस्टफार्डर्सप्लासेन या राखीव रानात कुंपणाच्या आत गुरं, घोडे, हरणं सोडली, शिकारी प्राणी नाहीत, बाहेर जायला वाट नाही, संख्या वाढत गेली आणि 2017-18 च्या हिवाळ्यात तीन हजारांहून जास्त जनावरं गेली, बरीचशी उपासमारीतून सोडवायला गोळी घालून. लोकांचा संताप झाला आणि तो रास्त होता. निसर्गावर सोडलंय असं म्हणताना कुंपण आपण घातलंय हे विसरायचं नाही. जिथं शिकारी नाही आणि जायला वाट नाही तिथं संख्या आपल्यालाच आवरावी लागते.

आणि उशिरा केलेली दुरुस्ती प्रत्येक वेळी सगळं परत देत नाही. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात 1995 ला लांडगे परत आणले, पण लांडगे नसताना हरणांनी ओढ्याकाठची विलोची झुडपं खाऊन टाकली, त्यावर जगणारे आणि ओढ्यांवर काटक्यांचे बांध घालणारे बीव्हर गेले, त्यांचे बांध गेले, ओढे खोल चिरत गेले, काठची ओल खाली गेली, आणि लांडगे परतल्यावरसुद्धा अनेक ओढ्यांकाठी विलोची झुडपं पूर्वीसारखी झाली नाहीत. म्हणून जे अजून शिल्लक आहे ते वाचवायला पहिला पैसा आणि पहिला वेळ द्या. शेजारचा जुना जंगलाचा तुकडा तुटत असताना आपण आपल्या तुकड्यात काड्या रोवत बसलो तर बी येणार कुठून.

माणसांना विचारल्याशिवाय कुंपण घालू नका

त्या जमिनीवर कोणीतरी सरपण गोळा करत असतं, कोणीतरी शेळ्या चारत असतं, कोणाचा पाणवठा असतो, बहुधा ज्यांच्याकडे स्वतःची जमीन सगळ्यात कमी असते तीच माणसं. तुम्ही कुंपण घातलं की त्यांची गुरं हवेत विरत नाहीत, शेजारच्या रानात जातात आणि तिथलं रान संपतं, म्हणजे आकड्यात तुमच्याकडे वाढलं आणि एकूणात काहीच झालं नाही. आधी बसून बोला. किती गुरं, कुठल्या महिन्यात चाऱ्याची अडचण, सरपण किती लागतं. मग तुकडे पाडून आळीपाळीने बंद करा, बंद तुकड्यातलं गवत कापून नेऊ द्या, पहिल्याच वर्षी गवत इतकं येतं की हा सौदा लोकांना पटतो. राखणीची मजुरी त्यांनाच द्या. काय बंद आणि काय चालू हे ठरवताना बायकांना बोलवा, सरपण आणि पाणी बहुतेक ठिकाणी त्याच आणतात आणि बैठकीला पुरुष येतात.

नायजरमध्ये काम पसरलं त्यामागे हेच कारण होतं. पूर्वी कायद्याने झाड सरकारचं होतं, शेतकऱ्याने वाढवलं तरी तोडायचा हक्क नाही, मग तो ते वाढू कशाला देईल, रोप दिसलं की काढून टाकायचा. नियम ढिले झाले आणि आपल्या शेतातलं झाड आपलं आहे असा भरवसा आला, तेव्हा लोकांनी फुटवे राखायला सुरुवात केली. तुमच्याकडे जमीन कोणाची, झाड कोणाचं, फळ आणि लाकूड कोणाचं हे लेखी करून घ्या. दक्षिण कोस्टारिकातल्या एका अभ्यासात असं दिसलं की आपोआप उगवलेली निम्मी जंगलं वीस वर्षांच्या आत परत तोडली गेली. उगवणं स्वस्त आहे, टिकवणं महाग.

किती वाट बघायची, काय मोजायचं

उष्ण प्रदेशातल्या सोडलेल्या शेतजमिनींवर परत आलेल्या जंगलांचा 2021 ला एक मोठा अभ्यास आला. त्यात मातीची सुपीकता दहा वर्षांच्या आत बरीचशी परत येते, जातींची संख्या यायला पंचवीस ते साठ वर्षं, आणि जुन्या जंगलासारखी नेमकी त्याच जातींची मिसळ आणि तेवढं लाकूड जमायला शंभर-सव्वाशे वर्षांहून जास्त, असं निघालं. सगळ्या गोष्टींची सरासरी धरली तर वीस वर्षांत जुन्या जंगलाच्या 78 टक्क्यांपर्यंत मजल. हे वाचून मला फार धीर आला होता. कार्बनच्या बाबतीत मात्र कोणाला आकडे देताना जपा, आपोआप वाढणाऱ्या जंगलात कार्बन साठायचा वेग जागेजागेनुसार शंभर पटीपर्यंत बदलतो, आणि कोळसा-तेल जाळणं चालू ठेवायला तुमचं रान कोणी सबब म्हणून वापरत असेल तर स्पष्ट नाही म्हणा.

तुमच्या पातळीवर मोजायला तीन गोष्टी पुरतात. पहिली, फोटो. चार-पाच जागी दगड पक्के करा, दरवर्षी त्याच आठवड्यात त्याच दगडावर उभं राहून त्याच दिशेचा फोटो. दुसरी, पाच मीटरचे तेच गोल, दर दोन वर्षांनी. जमलं तर पहाटे अर्धा तास पक्ष्यांची नोंद, आवाज ओळखणारं कोणी बरोबर असेल तर उत्तम.

तिसरी माझ्या सगळ्यात आवडीची, माती पाणी किती पिते ते बघणं. दोन्ही बाजूंनी उघडा असा डबा घ्या, तळ कापलेला पत्र्याचा चालतो. फळी वर ठेवून हातोडीने तो दोन-तीन इंच जमिनीत ठोका. एक लिटर पाणी हळूच ओता आणि घड्याळ लावून बसा. पहिल्या वर्षी तुडवलेल्या जागेवर माझं पाणी अर्ध्या तासाने सुद्धा तसंच चमकत होतं, वर आकाश दिसत होतं त्यात. मग तोच डबा काटेरी झुडपाच्या आत ठोकला, पाला बाजूला न करता, तिथं चार मिनिटांत संपलं. सहाव्या वर्षी त्याच उघड्या जागेवर, जी आता उघडी राहिलेली नव्हती, सात मिनिटं लागली आणि डबा उपटला तेव्हा त्याच्याबरोबर मातीचं ढेकूळ आलं, काळं, छिद्रं छिद्रं असलेलं, आणि त्यात दोन गांडुळं. वहीत तारीख, जागा, मिनिटं लिहा, पाऊस पडून गेल्यानंतर लगेच मोजू नका, आणि दरवेळी तोच डबा वापरा.